वणवा विझवायला जाताना अंगावर काय?

हरसूलच्या रानात शिशिरातच पानगळ होऊन उतारांवर वाळका पाला साचतो. राबाची भाजणी किंवा मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखाली लावलेली आग वाऱ्यानं भरकटली की वणवा पेटतो. राज्यात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात.

पोशाख निवडताना आधी धोका नीट पाहायचा. शहरी अग्निशामकाचा तीन थरांचा जाड पोशाख श्वसनयंत्रासह 20 किलोंच्या आसपास भरतो. तो घालून भर उन्हात डोंगर चढत तासन्‌तास आग झोडपणाऱ्याला ज्वाळेआधी उष्माघातच गाठेल. म्हणून जागतिक मानकंही वेगळी आहेत: इमारतीच्या आगीसाठी आयएसओ 11999, रानातल्या आगीच्या कपड्यांसाठी आयएसओ 15384. इथे हवा खेळती राहील असा हलका, सैल, पूर्ण बाह्यांचा ज्वालारोधक पोशाख हवा. सोबत हेल्मेट, गॉगल, चामडी हातमोजे आणि घोट्याच्या वरपर्यंतचे चामडी बूट. निखाऱ्यांवरून चालायचं तर बुटांवर काटकसर मुळीच नको.

आतल्या कपड्यांकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होतं. पॉलिएस्टर सुमारे 250 ते 260 अंश सेल्सिअसला वितळून कातडीला चिकटतं. आत सुतीच घालावं.

तोंडावर बांधलेला ओला रुमाल कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. साधा धूळमास्कही नाही. त्यामुळे वाऱ्याची दिशा पाहून माघारीची वाट आग झोडपायला लागण्याआधीच ठरवावी लागते.