मार्जारमीन : सामाजिक व प्रजनन वर्तन

मार्जारमीन : सिल्युरिफॉर्मीस गणातील माशांना मार्जारमीन म्हणतात. तोंडाभोवती मांजराच्या मिशांसारख्या स्पृशा (स्पर्श व रुची जाणणारे लांबट अवयव) असल्यामुळे त्यांना हे नाव पडले. त्यांच्या अंगावर खवले नसतात. काही कुलांत अस्थिपट्ट असतात. जगात त्यांच्या ३,५०० हून अधिक जाती आहेत. भंडारा जिल्ह्यातील तलावांत मागूर (क्लॅरियस मागूर) व शिंगी (हेटेरॉप्न्यूस्टिस फॉसिलिस) या जाती आढळतात. भारतीय मागूर पूर्वी क्लॅरियस बॅट्रॅकस या नावाने ओळखला जाई; २००८ मध्ये तो जावातील त्या जातीहून वेगळा असल्याचे दाखविण्यात आले.

सामाजिक वर्तन : बहुतेक मार्जारमीन निशाचर व तळाशी राहणारे असून गढूळ पाण्यात ते दृष्टीपेक्षा गंध, रुची व स्पर्श यांवर अधिक विसंबतात. उत्तर अमेरिकेतील पिवळे बुलहेड मासे गंधावरून आपल्या जातभाईंना एकेकटे ओळखतात व त्यांचा दर्जाही जाणतात, असे १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. त्यामुळे अशा जातींच्या टाकीत नवा मासा सोडला की भांडणे होतात. लपण्यास पुरेशी बिळे असल्यास दुबळे मासे वाचतात. याउलट दक्षिण अमेरिकेतील कोरिडोरस प्रजातीचे लहान मासे थव्याने राहतात. ते एकटे ठेवल्यास बुजरे बनतात, म्हणून जलजीवालयात त्यांचा निदान पाच-सहांचा गट ठेवतात. हवेतील ऑक्सिजन घेणाऱ्या अनेक माशांत थव्यातील मासे एकाच वेळी पृष्ठभागावर येतात. त्यामुळे एखाद्यास पक्ष्याने टिपण्याचा धोका कमी होतो.

प्रजनन : या गणात अंडी घालण्याच्या व जपण्याच्या पद्धती फार विविध आहेत. कोरिडोरस एनियस या जातीची मादी नराच्या जननछिद्राशी तोंड लावून रेत गिळते. ते आतड्यातून त्वरेने बाहेर पडून श्रोणिपक्षांच्या (पोटाखालील परांच्या) ओंजळीत धरलेल्या अंड्यांवर येते, असे १९९५ मध्ये वर्णिले गेले. ही अंडी काचेला किंवा पानाला चिकटविली जातात व पुढे त्यांची राखण होत नाही. टाकीत थंडसर ताजे पाणी घातले की हे मासे विणीस प्रवृत्त होतात, कारण ते पावसाच्या आगमनाची खूण ठरते. अँसिस्ट्रस प्रजातीत नर बिळात अंडी राखतो, तर कोकण किनाऱ्यावरील शिंगाळ्यांचे नर अंडी तोंडात धरतात व त्या काळात अन्न घेत नाहीत. टांगानिका सरोवरातील सिनोडाँटिस मल्टिपंक्टेटस हा मासा कोकिळेप्रमाणे आपली अंडी तोंडात पिले वाढविणाऱ्या दुसऱ्या माशांच्या गळ्यात घालतो.

मागुराची वीण : भंडारा जिल्ह्यात कोहळी समाजाने बांधलेले माजी मालगुजारी तलाव भातशेतीशी जोडलेले आहेत व त्यांतील मासेमारी ढीवर समाजाकडे परंपरेने आहे. मृगाच्या पावसानंतर तलावाचे पाणी काठच्या उथळ भागांत व भाताच्या बांध्यांत पसरते. क्लोमांजवळील झाडासारख्या शाखायुक्त श्वसनांगामुळे मागूर ओल्या जमिनीवरूनही सरकत तेथे पोहोचतो. काठाच्या मऊ मातीतील, गवताच्या आडोशाच्या खळग्यात जोडी उतरते. नर मादीभोवती शरीर वळवतो आणि चिकट अंडी गवताच्या मुळांना लागतात. नर त्यांची राखण करतो. सुमारे एका दिवसात डिंभ (अपक्व पिले) बाहेर पडतात.

या वर्तनामुळे मागुराचे रक्षण केवळ पाणी व बीज यांवर भागत नाही. नराचे रेत दाबून काढता येत नसल्याने कृत्रिम प्रजननात त्याला मारून वृषणे काढावी लागतात. त्यामुळे मत्स्यबीज पुरेसे मिळत नाही. काठांना दगडी अस्तर दिल्यास, तलाव बेशरमाच्या झुडपांनी भरल्यास, किंवा विणीच्या वेळी बांध्यांत येणारे मासे पकडल्यास घरटे व राखणदार दोन्ही नाहीसे होतात. थाई मागूर या नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी क्लॅरियस गॅरिएपिनस या मोठ्या भक्षक जातीच्या संवर्धनावर केंद्र शासनाने २००० मध्ये बंदी घातली. तरीही चोरून होणाऱ्या संवर्धनातून ती पाण्यात पसरते. जागतिक निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत देशी मागूर संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने भंडारा-गोंदिया भागात ढीवर स्त्री-पुरुषांच्या सहभागाने बेशरम काढून देशी पाणवनस्पती लावण्याचे काम केले आहे. काचेच्या टाकीत माशाला बीळ, पान व पावसाची खूण दिली की तो विणतो. तलावातही त्याला नेमके हेच लागते.