विशेषणापुढील ‘टु बी’ : कोठे हवे, कोठे नको

इंग्रजीच्या वह्या तपासताना चांगल्या हेतूने केलेली दुरुस्तीही कधी कधी मुलाचे बरोबर वाक्य चुकीचे करून ठेवते. ‘धिस सम इज ईझी टु सॉल्व्ह’, म्हणजे ‘हे गणित सोडवायला सोपे आहे’, असे वाक्य मुलाने लिहिले असता शिक्षकाच्या मनात विचार येतो की, गणित स्वतः काही सोडवीत नाही, ते सोडविले जाते. म्हणून येथे कर्मणी रूप हवे. मग ‘टु सॉल्व्ह’ खोडून त्यावर तांबड्या शाईने ‘टु बी सॉल्व्ड’ लिहिले जाते. हा विचार तर्काला धरून आहे असे वाटते. तथापि आजच्या प्रचलित इंग्रजीत मुलाचेच वाक्य योग्य आहे. याउलट ‘सीतेला आपली निवड झाल्याचा आनंद झाला’ या अर्थी मुलाने ‘सीता इज हॅपी टु सिलेक्ट’ असे लिहिले, तर ते पुष्कळदा तसेच राहून जाते. तेथे मात्र ‘टु बी सिलेक्टेड’ असेच पाहिजे.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जात आहे. लहान वयात मनावर ठसलेले वळण पुढे सहसा सुटत नाही. यास्तव विशेषणापुढे साधे रूप केव्हा यावे व कर्मणी रूप केव्हा यावे, हे शिक्षकांनी एकदा नीट समजून घेणे अगत्याचे आहे. यासाठी एकच प्रश्न विचारावा : विशेषण कामाचे वर्णन करते, की वाक्यातील कर्त्याच्या स्वतःच्या स्थितीचे?

पहिला वर्ग : विशेषण कामाचे वर्णन करते. ईझी, हार्ड, डिफिकल्ट, प्लेझंट, डेंजरस ही विशेषणे या वर्गातील होत. ‘धिस वर्ड इज हार्ड टु स्पेल’ या वाक्यात कठीण आहे ते अक्षरे सांगण्याचे काम. अशा वाक्याची परीक्षा सोपी आहे. त्याचा आरंभ ‘इट’ने करून पाहावा : ‘इट इज हार्ड टु स्पेल धिस वर्ड’. अर्थ न बदलता वाक्य असे फिरविता आले, तर ‘टु बी’ लावू नये. काम कोणाला सोपे वा कठीण हे सांगावयाचे असल्यास ‘फॉर’ वापरावा : ‘धिस सम इज ईझी फॉर चिल्ड्रन टु सॉल्व्ह’.

या वर्गात मायबोली मुलाच्या मदतीला येते. मराठीतही ‘हा डोंगर चढायला अवघड आहे’ असेच म्हणतात; ‘चढला जायला अवघड आहे’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे मूल आपल्या भाषेच्या वळणाने बरोबर ठिकाणी पोहोचते आणि व्याकरणाचा अर्धवट लावलेला नियम त्याला तेथून मागे ओढतो. दोन चुकांकडे मात्र लक्ष द्यावे. ‘धिस सम इज ईझी टु सॉल्व्ह इट’ यातील शेवटचा ‘इट’ अनावश्यक आहे, कारण ‘सॉल्व्ह’चे कर्म आरंभीच येऊन गेले आहे. दुसरे असे की, ‘धिस पेन इज ईझी टु राइट विथ’ यातील ‘विथ’ गाळू नये. लेखणीने लिहावयाचे असते, लेखणी लिहावयाची नसते.

काही शिक्षकांना जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘ईझी’ व ‘हार्ड’ या शब्दांपुढे कर्मणी रूप आढळेल. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरातही तसे प्रयोग आहेत. त्या काळी ते रूढ होते. आजच्या व्यवहारातील इंग्रजीत ते मागे पडले आहेत. मुलांना चालू वळण शिकवावे.

दुसरा वर्ग : विशेषण कर्त्याच्या स्थितीचे वर्णन करते. हॅपी, ग्लॅड, प्राऊड, लकी, अफ्रेड, विलिंग, ईगर ही विशेषणे मनुष्याच्या मनाविषयी किंवा भाग्याविषयी सांगतात. येथे पुढच्या क्रियेचा कर्ता तोच मनुष्य मानला जातो. म्हणून ‘सीता इज विलिंग टु टीच’ म्हणजे सीता शिकवावयास राजी आहे. ‘सीता इज विलिंग टु बी टॉट’ म्हणजे ती शिकून घ्यावयास राजी आहे. ‘टु बी’ आले की गुरूची शिष्या झाली! क्रिया कर्त्यावर घडत असेल तर येथे कर्मणी रूपाला पर्याय नाही. लाइकली, शुअर व सर्टन ही विशेषणे मनाविषयी नसून संभवाविषयी आहेत, तरी त्यांनाही हाच नियम लागू पडतो : ‘द रोड इज लाइकली टु बी रिपेअर्ड’. नुसते ‘टु रिपेअर’ म्हटल्यास रस्ताच दुरुस्ती करावयास निघेल.

या वर्गात मराठीचा आधार तितकासा मिळत नाही. ‘निवडली जाण्यास आनंदित’ असे आपण बोलत नाही. ‘निवड झाल्याचा आनंद झाला’ असे म्हणतो. म्हणून मुलाला येथे ‘टु बी’ आपोआप सुचत नाही, ते शिकवावेच लागते. शिक्षकाचे श्रम येथे खर्च व्हावेत.

तिसरा वर्ग : दोन्ही रूपे चालतात. ‘रेडी’ व ‘फिट’ ही यातील नेहमीची विशेषणे होत. ‘द मँगोज आर रेडी टु ईट’ आणि ‘द मँगोज आर रेडी टु बी ईटन’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. ‘अतिशय’ या अर्थाचा ‘टू’ आला असताही तसेच : ‘धिस स्टोन इज टू हेवी टु लिफ्ट’ किंवा ‘टु बी लिफ्टेड’. मात्र संदिग्धता टाळण्यासाठी कर्मणी रूप कधी कधी उपयोगी पडते. ‘द चिकन इज रेडी टु ईट’ यात कोंबडी दाणे टिपावयास तयार आहे, की ताटात वाढावयास, हे कळत नाही. ‘कोंबडी खायला तयार आहे’ या मराठी वाक्यातही तीच गंमत आहे. ‘टु बी ईटन’ म्हणताच संशय फिटतो.

‘वर्थ’ हा शब्द या तिन्ही वर्गांच्या बाहेरचा आहे. ‘पाहण्यासारखे’ या अर्थी ‘वर्थ सीइंग’ म्हणावे. ‘वर्थ टु बी सीन’ म्हणू नये.

हा भेद मुलांना उशिरा कळतो, यात त्यांचा दोष नाही. अमेरिकेतील संशोधिका कॅरोल चॉम्स्की यांनी इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या पाच ते दहा वर्षांच्या चाळीस मुलांची पाहणी केली व तिचे निष्कर्ष १९६९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. डोळे बांधलेली एक बाहुली पुढे ठेवून, ‘इज धिस डॉल ईझी टु सी ऑर हार्ड टु सी?’ असे त्यांनी प्रत्येक मुलास विचारले. बाहुली समोर स्पष्ट दिसत असूनही पुष्कळ लहान मुलांनी ‘हार्ड’ असे उत्तर दिले. कारण बाहुलीला दिसत नाही, असा अर्थ त्यांनी घेतला. नऊ वर्षांच्या पुढील मुलांना मात्र हे वाक्य नीट समजले. मातृभाषेतही जे समजावयास इतकी वर्षे लागतात, ते परभाषेत चुकले म्हणून मुलास मठ्ठ ठरविणे न्यायाचे नव्हे.

वर्गात हाच प्रयोग सहज करता येईल. बाहुलीच्या डोळ्यांवर फडके बांधून तोच प्रश्न विचारावा. नंतर फडके सोडून बाहुली टेबलामागे लपवावी व पुन्हा विचारावा. कोण पाहतो आणि कोणाला पाहावयाचे आहे, हे मुले डोळ्यांनी पाहतील. त्यानंतर ‘ईझी’ आणि ‘हॅपी’ असे दोन स्तंभ फळ्यावर आखून मुलांकडून त्यांखाली वाक्ये लिहवून घ्यावीत. नियम पाठ करण्यास सांगण्याची घाई करू नये.

वही तपासताना शिक्षकांनी इतके ध्यानात ठेवावे की, विशेषण कामाचे असेल तर मुलाचे साधे रूप तसेच राहू द्यावे. विशेषण कर्त्याच्या स्थितीचे असेल आणि क्रिया त्याच्यावर घडत असेल, तर मात्र ‘टु बी’ घालावे. मुलाच्या बरोबर वाक्यावर ओढलेली रेघ त्याचा स्वतःच्या समजुतीवरील विश्वास कमी करते. म्हणून खूण करण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारून पाहावा.