खोट्या नावाचा पडदा किती जाड?

दोन महिन्यांचा पगार थकला आहे. बॉस रात्री ११ वाजता नको ते मेसेज पाठवतो. एचआरकडे गेलात तर ‘जरा सांभाळून घे’ एवढंच ऐकायला मिळतं. मग एका रात्री तुम्ही खोट्या नावाने अकाउंट उघडता आणि कंपनीचं, साहेबांचं नाव घेऊन सगळं लिहून टाकता. नाव खोटं आहे, तर ओळखणार कोण?

ओळखतात. त्यासाठी बरेचदा पोलीसही लागत नाहीत. तुम्ही टाकलेला ईमेल ऑफिसात चौघांनाच गेलेला असतो, त्या मीटिंगला तिघेच असतात. ऑफिसच्या लॅपटॉपवरून लिहिलं असेल तर विचारायलाच नको.

प्रकरण कोर्टात गेलं तर हा पडदा आणखी विरळ होतो. ‘सीन अँड हर्ड’ हे इन्स्टाग्राम अकाउंट कलाक्षेत्रातल्या लैंगिक छळाचे अनुभव निनावी मांडत असे. २०१९ मध्ये एका नामवंत कलाकाराने दिल्ली उच्च न्यायालयात ५ कोटी रुपयांचा बदनामीचा दावा लावला. कोर्टाने त्या पोस्ट हटवायला सांगितल्या आणि अकाउंट चालवणाऱ्याची माहिती बंद लिफाफ्यात मागवली. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

२०१५ मध्ये आयटी कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं, तेव्हा आता काहीही लिहिता येईल असं अनेकांना वाटलं. पण बदनामीचा गुन्हा कायमच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मी खरं तेच लिहिलं’ एवढं सांगून भागत नाही. ते खरं होतं आणि लोकहिताचं होतं, हे दोन्ही तुम्हाला दाखवावं लागतं.

मग गप्प बसायचं का? मुळीच नाही. पत्रकार प्रिया रमाणी यांनी एम. जे. अकबर यांच्याविरुद्ध स्वतःच्या नावाने लिहिलं. २०२१ मध्ये त्या निर्दोष सुटल्या. स्त्री आपली तक्रार कितीही वर्षांनी, कुठल्याही व्यासपीठावर मांडू शकते, असं कोर्टाने म्हटलं. मात्र त्यासाठी त्यांना दोन वर्षांहून जास्त काळ खटला लढावा लागला.

नाव गुप्त ठेवण्याची कायदेशीर हमी हवी असेल तर ती सोशल मीडियावर मिळत नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती हवीच. तक्रारदाराचं नाव जाहीर करायला तिथे बंदी आहे. तक्रार थेट मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. थकलेल्या पगारासाठी कामगार आयुक्तांचं कार्यालय. खासगी कंपनीतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना मात्र आपल्याकडे धड संरक्षण नाही. २०१४ चा व्हिसलब्लोअर कायदा सरकारी कारभारापुरताच आहे आणि तोही अजून लागू झालेला नाही. अशा वेळी लोक इन्स्टाग्रामचा आधार घेतात, यात नवल काय!

तरीही लिहायचंच ठरवलं असेल तर आधी पगाराच्या स्लिपा, मेसेज, हजेरीच्या नोंदी घरी जपून ठेवा. पण ग्राहकांची माहिती किंवा कंपनीच्या फायली उचलू नका, नाहीतर उलट तुमच्यावरच चोरीचा आळ येईल. आणि मजकुरातून विशेषणं काढून टाका. ‘चोर कंपनी’ लिहिलंत तर वकिलाची नोटीस येईल. ‘जून आणि जुलैचा पगार १० ऑगस्टपर्यंत खात्यात आलेला नाही’ असं लिहिलंत, तर नोटीस पाठवण्याआधी त्यांनाच बँकेचं स्टेटमेंट तपासावं लागेल.