पोवई नाक्यावरचा जुलै

साताऱ्यात पोवई नाक्यापासून थोडं आत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर करसल्लागार मॅडमचं ऑफिस आहे. जुलैचा दुसरा आठवडा. पाऊस सकाळपासून थांबायचं नाव घेत नाही. दाराशी ओल्या छत्र्या, आत बाकावर दाटीवाटीनं बसलेली माणसं आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी. रिटर्न भरायची ३१ तारीख जवळ येतेय, त्यामुळे "नंतर येतो" म्हणून कुणी उठत नाही. मी शेजारच्या काकूंना घेऊन आले आहे. काका गेल्या नोव्हेंबरात गेले. घरातले सगळे कागद तेच बघायचे. ती पिशवी आज पहिल्यांदा काकूंच्या हातात आहे.

आमच्या आधी पुण्यात नोकरी करणारा एक मुलगा मॅडमसमोर बसलाय. त्यानं ऑक्टोबरात कंपनी बदलली, म्हणून त्याच्याकडे दोन फॉर्म १६ आहेत.

"दोन्हीकडे कर शून्य आहे मॅडम. म्हणजे काही भरायचं नाही ना?"

मॅडम पॅड पुढे ओढून आकडे मांडतात. आर्थिक वर्ष २०२५-२६. पहिल्या कंपनीचे सहा लाख, दुसरीचे साडेसात, एकूण साडेतेरा लाख. ७५ हजारांची प्रमाणित वजावट वर्षाला एकदाच. उरले १२ लाख ७५ हजार.

"नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर नाही, हे खरं. पण ते वर्षाच्या एकूण उत्पन्नावर. पहिल्या कंपनीनं तिच्यापुरतं बघितलं, दुसरीनं तिच्यापुरतं. बेरीज कुणीच केली नाही."

पॅडच्या तळाशी आकडा येतो, ७४,१०० रुपये. वर व्याज. मुलगा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहतो. मग हळूच विचारतो, "एकच फॉर्म १६ दाखवला तर?" मॅडम न बोलता स्क्रीन त्याच्याकडे वळवतात. एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडलेलं आहे. दोन्ही कंपन्यांचे पगार तिथे एकाखाली एक आहेत, शिवाय बचत खात्याचं व्याज आणि त्यानं मार्चमध्ये विकलेले म्युच्युअल फंडाचे युनिट. ते युनिट तो स्वतःही विसरला होता. नव्या कंपनीत रुजू होतानाच जुन्या पगाराचा तपशील लेखी दिला असता, तर हाच कर दरमहा थोडा थोडा कापला गेला असता.

बाकावरचे एक शिक्षक हे सगळं कान देऊन ऐकतायत. त्यांची पाळी येते तेव्हा ते आवाज खाली आणतात. गेल्या वर्षी एका एजंटानं त्यांचं रिटर्न भरलं, मोठा परतावा आणून दिला आणि त्यातला हिस्सा घेतला. मॅडम ते रिटर्न उघडतात. त्यात एका राजकीय पक्षाला दिलेली देणगी आहे, आणि न काढलेल्या कर्जाचं व्याजही. सरांनी यातलं काहीच केलेलं नाही. त्यांनी फक्त ओटीपी सांगितला होता.

"ओटीपी सांगितला म्हणजे सही केलीत, सर. नोटीस एजंटाला येत नाही, पॅन ज्याचा त्याला येते." चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. त्यापेक्षा नोटीस यायच्या आत अपडेटेड रिटर्न भरावं, कर आणि व्याज भरावं, त्यावर २५ टक्के जादा कर सोसावा, असा मॅडमचा सल्ला आहे. सर रुमालानं कपाळ पुसतात आणि म्हणतात, "भरून टाकू." मला त्या माणसाबद्दल त्या क्षणी आदर वाटतो. एजंटाबद्दल मात्र संताप येतो. असे लोक शाळाशाळांतून फिरतात आणि साध्या माणसांच्या नावावर खोटं लिहून जातात.

आता काकू. पिशवीतून पासबुकं, एफडीच्या पावत्या, काकांचा मृत्यूचा दाखला, कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश असं एकेक टेबलावर येतं. काकूंना वाटतंय, काका गेले, त्यांचा विषय संपला. तसं नाही. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंतचं काकांचं पेन्शन आणि व्याज हे त्यांचं उत्पन्न, आणि त्यावरचं रिटर्न वारस म्हणून काकूंनी भरायचं. त्यासाठी पोर्टलवर आधी वारस म्हणून नोंदणी करायची. वारसाचा पुरावा म्हणून तो निवृत्तिवेतनाचा आदेशच चालतो. तहसील कचेरीत खेटे घालावे लागणार या धास्तीनं बसलेल्या काकू हे ऐकून पहिल्यांदा पाठ टेकवतात.

पण बँकेला अजून कळवलेलंच नाही. एफडीचं मार्चपर्यंतचं व्याज काकांच्याच पॅनवर पडत राहिलंय, खरं तर नोव्हेंबरनंतरचं काकूंच्या हिशेबात यायला हवं. मॅडम पासबुकातल्या तारखा पेन्सिलीनं दोन भागांत पाडतात आणि बँकेला द्यायचा अर्ज तिथेच लिहून देतात.

मग काकूंचं स्वतःचं रिटर्न. कुटुंब निवृत्तिवेतन महिना २२ हजार, चार महिन्यांचे ८८ हजार. टाइप करणारी मुलगी ते पगाराच्या रकान्यात टाकायला जाते, तशा मॅडम तिला थांबवतात. कुटुंब निवृत्तिवेतन म्हणजे पगार नाही, ते 'इतर स्रोतां'मध्ये जातं. तिथे ७५ हजारांची वजावट मिळत नाही. एक तृतीयांश किंवा नव्या पद्धतीत २५ हजार, यांतली कमी रक्कम वजा होते. काकूंना कर लागतच नाही. उलट माहेरच्या पैशांच्या एफडीवर बँकेनं कापलेले ६,२०० रुपये परत मिळणार आहेत. रिटर्न भरलं तरच.

शेवटी ई-व्हेरिफिकेशनला गाडी अडते. काकूंच्या आधारला काकांचा मोबाइल नंबर जोडलेला आहे आणि ते सिम रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलंय. नेट बँकिंग नाही. मॅडम पोचपावतीची प्रिंट काढतात. काकू निळ्या शाईनं, प्रत्येक अक्षर जपून लिहीत सही करतात. हा कागद स्पीड पोस्टानं बंगळुरूच्या केंद्राकडे जाणार. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत व्हेरिफिकेशन झालं नाही तर ते भरलेलं धरलं जात नाही, आणि ३१ जुलै हुकल्यावर पाच हजारांपर्यंत विलंब शुल्क लागतं.

मॅडमच्या बोलण्यात आज एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते आहे. आपल्याबद्दल आयकर खात्याकडे काय नोंदलंय, ते आपण आधी वाचायचं. एआयएस बघायला पैसे पडत नाहीत. डाउनलोड केलेली फाइल लहान लिपीतला पॅन आणि त्यापुढे जन्मतारीख टाकली की उघडते. त्यातली एखादी नोंद चुकीची असेल तर तिथेच हरकत नोंदवता येते.

तेव्हा या आठवड्यात तेवढं कराच. आणि शेजारी, नात्यात कुणी नुकतीच एकटी पडलेली बाई असेल तर तिची पिशवी घेऊन तिच्यासोबत बसा. बँकेत कळवलंय का, आधारला कुणाचा नंबर आहे, हे आधी विचारा.