प्रकाशकणांची कल्हई

पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, म्हणून भांड्याला आतून कल्हई करतात. हे घरगुती शहाणपण ध्यानात ठेवले, तर वैद्यकातील एक नवी विद्या समजणे आपल्यासारख्या कलाशाखेच्या वाचकांनाही अवघड नाही. शरीरातील रोगाची जागा उजळून दाखवणाऱ्या अतिसूक्ष्म कणांनाही कल्हई लागते. ती असते पॉलिमरची.

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. कॅडमियम सेलेनाइडचे चारदोन नॅनोमीटरचे कण केले, की मोठी मौज घडते. पदार्थ तोच, पण बारीक कण निळसर प्रकाश देतो, थोडा मोठा कण तांबडा. जागा जितकी अपुरी, तितकी आतल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा अधिक. अशा कणांच्या संशोधनासाठी बावेंडी, ब्रूस व येकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रही यात मागे नव्हता. पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी व सहकाऱ्यांनी मँगेनीजयुक्त झिंक सल्फाइडचे नॅनोकण पाण्यातच तयार केले आणि १९९५ साली ते काम प्रसिद्ध केले. अतिनील किरणांत असे कण नारिंगी चमकतात.

मात्र कॅडमियमचे उत्तम कण बहुधा तेलकट द्रावणात तयार होतात. ते रक्तात मिसळत नाहीत. शिवाय कॅडमियम हे विषच. येथे पॉलिमर उपयोगी पडतो. साबणाप्रमाणे त्याची एक बाजू तेलकट कणाला धरते, दुसरी पाण्याशी जमवून घेते. त्यावर अर्बुदाच्या पेशी ओळखणारे प्रतिद्रव्य जोडता येते. २००४ साली अमेरिकेत शुमिंग नी यांच्या गटाने अशा कणांनी जिवंत उंदरातील अर्बुद उजळून दाखवले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाला आढळले, की हवा वा अतिनील किरण लागलेल्या उघड्या कणांतून कॅडमियम सुटते व यकृताच्या पेशी मरतात. कवचाने अपाय घटला, पण संपला नाही. म्हणूनच माणसांवरील चाचणीसाठी २०११ साली तेथे परवानगी मिळाली ती कॅडमियमविरहित, पॉलिमरवेष्टित सिलिकाकणांना. ते मूत्रावाटे बाहेर पडू शकतात.

आपल्या छत्रपती संभाजीनगरातील शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्यातून रुग्ण येतात. अर्बुद कोठे संपते व निरोगी भाग कोठे सुरू होतो, हा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांपुढचा नित्याचा प्रश्न. त्याचे उत्तर हे कण देऊ शकतील. पण त्यांची खरी परीक्षा चमकण्याची नसून कवच टिकण्याची आहे. भांड्याची कल्हई उडाली तर कल्हईवाल्याला पुन्हा हाक मारता येते. रक्तात गेलेल्या कणाला ती सोय नाही.