सोयरिकीचा नकाशा

रिठदमधली कुठलीही एक गल्ली घ्या आणि तिच्यातल्या दहा घरी दोनच गोष्टी विचारा. या घरातल्या सुनांचं माहेर कोणतं? आणि या घरच्या लेकी कुठे दिल्या? मिळालेली गावं नकाशावर शोधा आणि रिठदपासून त्या प्रत्येक गावापर्यंत एक रेघ ओढा. रिठदचा रिसोड तालुका वाशीम जिल्ह्याच्या कडेला आहे. पश्चिमेला बुलडाणा जिल्हा, दक्षिणेला हिंगोली. त्यामुळे काही रेघा मेहकर-लोणारकडे आणि काही सेनगावकडे निघाल्या तर नवल नाही. एखादी थेट पुण्याला जाईल, पण ती बहुधा अलीकडच्या वर्षांतली असेल.

यातली प्रत्येक रेघ ही एका घराची खासगी गोष्ट आहे. मध्यस्थाने स्थळ सुचवलं, पाहुणे आले, चहा-पोहे झाले, दोन्हीकडची पसंती आली, साक्षगंध उरकलं. त्या घरी विचाराल तर सांगतील की योग होता, गाठी वर बांधलेल्या असतात. पण अशा पन्नास रेघा एकाच कागदावर आल्या की काहीतरी वेगळंच दिसू लागतं. रेघांना एक ठरावीक लांबी असते, काही दिशा त्यांच्या आवडीच्या असतात आणि काही ठिकाणी एकही रेघ जात नाही. हा आकार कुणीही बसून ठरवलेला नाही. ग्रामसभेने ठराव केला नाही, तहसीलदाराने हुकूम काढला नाही. तरीही तो आहे, पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे आणि उद्या ठरणाऱ्या लग्नालाही तो वळण लावणार आहे. अकरावीला कला शाखेत समाजशास्त्र नावाचा जो विषय भेटतो, त्याचं सगळं कुतूहल या आकाराभोवती आहे. मला तरी याहून थक्क करणारं फार थोडं माहीत आहे.

नकाशाकडे जरा नीट पाहू. 1853 साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. तेव्हापासून 1948 पर्यंत वाशीमचा मुलूख एका कारभाराखाली होता आणि हिंगोलीचा दुसऱ्या. चलन वेगळं, कचेऱ्या वेगळ्या, कायदे वेगळे. मधे पैनगंगा. एवढी मोठी राजकीय हद्द सोयरिकीला मात्र अडवत नाही. लेक नदीपलीकडे देता येते. आणि त्याच गावात, दोन मिनिटं चालून जाता येईल अशा समोरच्या वस्तीकडे एकही रेघ जात नाही. साठ किलोमीटरवरचं अनोळखी गाव चालतं, पण रोज ज्यांच्याशी बोलणं होतं, ज्यांच्या पोरांसोबत आपली पोरं एकाच बाकावर बसतात, ते घर चालत नाही. ही हद्द कुठल्याही सातबाऱ्यावर नाही, तरी ती गावातल्या लहान लेकराला ठाऊक असते. जात म्हणतात ती हीच.

या हद्दीचा सगळ्यात तल्लख उलगडा एका पंचवीस वर्षांच्या मराठी विद्यार्थ्याने केला. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर या मानवशास्त्रज्ञाच्या अभ्यासवर्गात भीमराव आंबेडकरांनी जातीवर एक निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो छापून आला. त्यांचं म्हणणं असं, की जातीचा गाभा शिवाशिवीत किंवा धंद्यात शोधू नका, तो लग्नात आहे. जो गट आपल्याबाहेर लग्न करायचं बंद करतो, तो जात बनतो.

पुढचा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिलो होतो. आंबेडकर म्हणतात, दार बंद केलेल्या गटाचा हिशेब मांडा. लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष साधारण सारखे हवेत, तरच आतल्या आत सगळ्यांची लग्नं होतील. पण माणसं मरतात. नवरा आधी गेला तर बाई शिल्लक उरते. तिने गटाबाहेर लग्न केलं तर दार उघडतं. गटातच केलं तर एका कुमारिकेचा वर कमी होतो. मग तिचं करायचं काय? एक तर तिला नवऱ्यासोबत जाळायचं, नाही तर जन्मभर विधवा ठेवायचं. बायको आधी गेली तर पुरुष शिल्लक उरतो. पण सत्ता त्याच्या हाती, त्याला जाळणार कोण? मग त्याच्यासाठी बायको आणायची ती अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींमधून. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह. तीन वेगळ्या वाटणाऱ्या, धर्माच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या चालींच्या तळाशी त्यांना बेरीज-वजाबाकीचा एकच प्रश्न दिसला. या चालींचे गोडवे गाणारं तत्त्वज्ञान मागाहून आलं, असंही त्यांनी दाखवलं. ज्या तरुणाने या व्यवस्थेचे चटके स्वतः सोसले होते, त्याने तिच्याकडे इतक्या थंड डोक्याने पाहावं, याचं मला आजही नवल वाटतं.

याच सुमारास इकडेही गावाकडे पाहण्याची नवी नजर तयार होत होती. महसूल खात्यात काम केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ 1915 साली आलं. कुणब्याच्या खळ्यावरून कुणाला किती बलुतं जातं, इथपर्यंत त्यात नोंदी आहेत. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. पुढे मालवणात जन्मलेले गो. स. घुर्ये त्याचे प्रमुख झाले आणि त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे शिकल्या.

इरावतीबाईंची एक हकीकत शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवी. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्यांपैकी होते. माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी अगदी सारखी नसते. तिचा हा असमतोल वंशावर अवलंबून असतो आणि त्यावरून गोऱ्यांची बुद्धी वरचढ ठरते, अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध आढळत नाही, असं लिहून दिलं. परका देश, हातातली पदवी त्याच गुरूच्या मर्जीवर, आणि तरीही आकडे जे सांगत होते तेच त्यांनी मांडलं.

भारतात परतल्यावर त्यांनी देशभरची नाती मोजायला घेतली. 1953 साली त्यांचा भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. आता आपला नकाशा पुन्हा समोर घ्या, कारण त्यातल्या रेघांच्या दिशेचं कोडं इथे सुटतं. उत्तरेत बहुतेक ठिकाणी नात्यात लग्न वर्ज्य; लेक परक्या गावात, परक्या घरात जाते. दक्षिणेत मामाची मुलगी चालते, आत्याची चालते, काही समाजांत मामा-भाचीचंही लग्न होतं. महाराष्ट्र या दोहोंच्या मधे. इथे अनेक जातींमध्ये मामाची मुलगी करता येते, पण आत्याची मुलगी करत नाहीत.

दोन्ही नाती सारखीच जवळची, मग एक का चालतं आणि दुसरं का नाही? वहीत दोन घरं काढून पाहा. मुलाची आई ज्या घरातून आली, त्याच घरातून त्याची बायको आली तर लेकी दोन पिढ्या एकाच दिशेने जातात. देणारं घर देणारंच राहतं आणि घेणारं घेणारं. आत्याची मुलगी केली तर ज्या घरी आपण लेक दिली, त्याच घरातून सून परत येते आणि दिशा उलटी होते. वरपक्षाचा मान मोठा धरणाऱ्या समाजाला ते पचत नाही. सासूला आत्याबाई म्हणण्याची जी रीत अनेक घरांत आहे, ती याच जुन्या सोयरिकीची खूण. जिथे आता नात्यात लग्न होत नाही, तिथेही सून रोज त्या खुणेसह हाक मारते.

इथपर्यंतचं सगळं जुनं वाटेल. म्हणून आता रिठदच्या आसपासच्या कुठल्याही पारावर सध्या चालणाऱ्या बोलण्याकडे येतो. पोरगा तिशीला आला, सोयाबीन-तुरीची शेती आहे, निर्व्यसनी आहे, पण सोयरीक जुळत नाही. मुलीकडच्यांना नोकरीवाला पाहिजे. शेती असावी, पण मुलगा शेतात राबणारा नसावा. त्या पोराच्या घरी याला नशीब म्हणतात, कोणी पत्रिकेतला मंगळ काढतं, कोणी पोराच्या स्वभावाला बोल लावतं.

सी. राइट मिल्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1959 साली एक भेद सांगितला, तो इथे अचूक लागू पडतो. गावात एकाच मुलाचं लग्न जुळत नसेल तर ती त्याची अडचण. कारण त्याच्यात किंवा त्याच्या घरात शोधावं. पण प्रत्येक गल्लीत असे चार-पाच जण असतील तर तो सार्वजनिक प्रश्न आहे आणि त्याचं कारण एकाच्याही पत्रिकेत सापडणार नाही. ते सोयाबीनच्या भावात असेल, वाटण्या होत तुकड्यांवर आलेल्या जमिनीत असेल, मुली शिकल्या आणि आईने उन्हातान्हात काढलेला जन्म त्यांना नको आहे, यात असेल. आणखी एका ठिकाणी ते नक्की आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 2001 साली 913 मुली होत्या, 2011 साली 894. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य, 1988 सालचं. तरीही ही घट. तेव्हाची ती मुलं आता लग्नाच्या वयात येत आहेत. ज्या मुली जन्मूच दिल्या नाहीत, त्यांची स्थळं कोण सुचवणार?

1916 च्या निबंधातला हिशेब इथे उलटा फिरलेला दिसतो. तेव्हा मुख्यतः शिल्लक उरलेल्या बाईची ‘सोय’ लावायला चाली निघाल्या. आता पुरुष शिल्लक उरतो आहे. बंद दाराच्या गटाला मोजकेच मार्ग आहेत. रेघा लांब करायच्या, दार किलकिलं करायचं, किंवा काहींनी एकटं राहायचं. हरियाणात परराज्यांतून सुना आणल्या जातात. वऱ्हाडात काय होईल? जातीची हद्द सैल होईल, की ती तशीच ठेवून दूरच्या गरीब घरच्या मुली आणल्या जातील? आज दहावीत असलेली मुलं-मुली हे उत्तर स्वतःच्या लग्नांतून लिहिणार आहेत.

याच नजरेने पाहावं अशी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगताना माझा हात जड होतो. 2006 साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यात वाशीम होता. ज्या घरात हे घडतं, त्या घराला आयुष्यभर वाटत राहतं की आपलंच काही चुकलं. फ्रान्सच्या एमिल दुर्खीमने 1897 सालीच दाखवलं होतं की इतक्या खासगी वाटणाऱ्या मरणाचं प्रमाणही समाजासमाजात ठरावीक असतं. माणसाला धरून ठेवणारे धागे कुठे विरले आणि त्याच्या जगण्याची घडी किती अचानक विस्कटली, त्यावर ते कमी-जास्त होतं. जिल्ह्याजिल्ह्यात एकसारखं दुःख साचतं तेव्हा त्याचा जाब एकट्या घराला विचारायचा नसतो.

सुट्टीत हा नकाशा खरंच करायला घ्या. कुणाचं नाव लिहू नका; घराला एक आकडा द्या. लग्नाचं साल, सुनेचं माहेर, तिथवरचं अंतर, लग्नाच्या वेळचं तिचं वय, ती कितवीपर्यंत शिकली आणि स्थळ कोणी सुचवलं, एवढं पुरे. 1980 पूर्वीची लग्नं निळ्या शाईने आणि नंतरची लाल शाईने दाखवा, म्हणजे बदल डोळ्यांना दिसेल. कुणी सांगायला नको म्हटलं तर आग्रह न करता पुढच्या घरी जा.

आणि उत्तर कोण देतंय, तेही वहीत टिपा. बहुतेक घरी पहिल्यांदा बोलेल तो कर्ता पुरुष. त्याचं ऐकून घ्या. नंतर ज्या बाईची ती रेघ आहे तिला, ती एकटी असताना विचारा की कसं ठरलं होतं, तिला कोणी विचारलं होतं का, शाळा कशी सुटली. तिचं आणि त्याचं उत्तर जुळलं नाही, तर दोन्ही जशीच्या तशी शेजारी शेजारी लिहून ठेवा.