विश्वास आणि ताळा

१ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईस निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आतच वांद्र्याच्या किनाऱ्यालगत समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. काळोखात समुद्र कोठे संपतो व आकाश कोठे सुरू होते हे दिसत नव्हते. कप्तानासमोरचे कृत्रिम क्षितिज दाखविणारे यंत्र बिघडले, विमान उजवीकडेच कललेले असल्याचे सांगत राहिले, आणि ते सरळ करण्याच्या प्रयत्नात विमान डावीकडे कलत गेले. सहवैमानिकासमोर तसेच दुसरे यंत्र होते. त्याच्याशी वेळीच ताळा पडला नाही.

घरच्या संगणकावर विमान चालविण्याचा छंद आता मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोचला असताना या प्रसंगाचे स्मरण करणे अस्थानी ठरू नये. केवळ यंत्रांवर विसंबून विमान नेण्याची विद्या या छंदातून कितपत साध्य होते, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

या विद्येची गरज मुळात मानवी देहाच्या उणिवेतून निर्माण झाली. तोल सांभाळणारा आपल्या कानातील द्रव वळण सुरू झाल्याचे सांगतो. मात्र तेच वळण एकसारखे चालू राहिले की काही सेकंदांत तो स्थिरावतो, आणि वळणारे विमान सरळ चालल्याचा भास होतो. उलट, ते खरोखर सरळ केले की विरुद्ध बाजूस वळत असल्याची खात्री वाटू लागते. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात, यंत्रावलंबी उड्डाणाचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांवर प्रयोग करण्यात आला. बाहेरचे दिसेनासे होताच त्यांपैकी एकालाही विमान काबूत ठेवता आले नाही. ताबा सुटण्यास सरासरी १७८ सेकंद पुरले.

जमिनीवर राहून ही विद्या शिकविण्याची कल्पना जुनी आहे. १९२९ साली एडविन लिंक या तरुणाने वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातील भात्यांची युक्ती वापरून हलणारे, कलणारे लुटुपुटीचे विमान बनविले. १९३४ साली अमेरिकी लष्करावर टपाल वाहून नेण्याचे काम पडले आणि खराब हवेत वैमानिकांचे बळी जाऊ लागले, तेव्हा कोठे लष्कराने ती यंत्रे विकत घेतली. १९८२ साली मायक्रोसॉफ्टने ब्रूस आर्टविक यांनी रचलेला विमानाचा खेळ वैयक्तिक संगणकासाठी विक्रीस आणला आणि ही शाळा घरात आली.

या शाळेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. वेग, उंची, दिशा, वळण, चढउतार आणि कृत्रिम क्षितिज या सहा तबकड्यांवरून नजर अखंड फिरती ठेवणे, कोणत्याही एकीवर ती न खिळविणे, दोन काट्यांच्या आधारे तीन अंशांच्या उतारावरून धावपट्टीकडे येणे, हे सारे पुनरावृत्तीनेच अंगवळणी पडते. खऱ्या विमानातील प्रत्येक तास खर्चिक असतो. संगणकावर मात्र तेच अवतरण शंभर वेळा चुकविता येते, आणि चुकीला शिक्षा नसते.

तथापि याच ठिकाणी तिची मर्यादाही आहे. घरची खुर्ची हलत नाही, म्हणून कानाची फसवणूक होत नाही. देह एक सांगत असताना काटा दुसरेच सांगतो आणि वैमानिकाला देहाला खोटे ठरवावे लागते, तो झगडा तेथे घडतच नाही. अमेरिकेतही मान्यताप्राप्त साधनांवरील तासच वैमानिकाच्या शिक्षणात धरले जातात, घरच्या खेळाचे नव्हेत, ते उगाच नव्हे.

मग या छंदातून शिकायचे काय? ‘यंत्रांवर विश्वास ठेवा’ एवढाच धडा घेतला तर तो अर्धा आणि म्हणून घातक होय. काही खेळांत एखादे यंत्र मुद्दाम नादुरुस्त करण्याची सोय असते. विद्यार्थ्याने ती आवर्जून वापरावी. क्षितिज खोटे बोलू लागले की दिशा, वळण व उंची यांची साक्ष काढून ते खोटे ओळखावे. एकट्या काट्याचा शब्द प्रमाण मानावयाचा नाही, ही शिस्त खुर्चीत बसूनही बाणविता येते. त्या रात्री अरबी समुद्रावर उणीव भासली ती याच शिस्तीची.